वालिदेकाकूंची मिरवणूक

आमच्या काकूंच्या बोलण्यात एक बाई सारखी यायची. भेंडी चिरताना यायची, चहा गाळताना यायची, कुणाच्या बारशाला निघालो तर गाडीत मागच्या सीटवरूनही यायची. "ती बाई काही साधी नव्हती हं," असं म्हणून काकू सुरू करायच्या. "मुलगे झाले, पण एकाचेही केस पांढरे झालेले तिला बघायला मिळाले नाहीत. सुनेशी शेवटपर्यंत पटलं नाही. आणि घर असं काही चालवलं, की बापे नुसते माना डोलवत उभे!" पहिले काही आठवडे मी समजत होते, की ही काकूंची कराडची थोरली जाऊ असणार. एकदा मी भीत भीत विचारलंही, "आता कुठे असतात त्या?" काकूंची सुरी थांबली. "त्या? अगं, त्यांना जाऊन साडेतीनशे वर्षं झाली. इस्तंबूलला गेल्या."

ती बाई म्हणजे तुर्कांच्या एका सुलतानाची आई. एका कशाला, दोन सुलतानांची आई आणि तिसऱ्याची आजी. मुलगा गादीवर बसला की त्याच्या आईला 'वालिदे सुलतान' हा किताब मिळायचा आणि साऱ्या महालाचा कारभार तिच्या हाती यायचा. काकूंनी आयुष्याची कितीतरी वर्षं या एका बाईपायी घातली होती. साहजिकच अमेरिकेतल्या, शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळींनी त्यांचं नाव वालिदेकाकू ठेवलं. ठेवणाऱ्यांनी ते चेष्टेने ठेवलं. काकूंनी ते मानाने घेतलं, आणि चेष्टा करणाऱ्यांचीच पंचाईत झाली.

बाईचं नाव मात्र काकू कधी घेत नसत. पुस्तकांत नाव आहे, पण ते महालाने ठेवलेलं. ही पोर कुठल्याशा ग्रीक बेटावरची, पळवून आणून महालात विकलेली, असं म्हणतात. आल्याआल्या तिचं नाव बदललं. "आईने ठेवलेलं नाव कुणाला नक्की ठाऊक नाही. मग दुसऱ्यांनी चिकटवलेलं मी कशाला घेऊ?" काकू म्हणायच्या. "माझंही नाव नवऱ्याने ताटातल्या तांदळात बोटाने लिहून बदललं. विचारून नव्हे. जुन्या नावाने हाक मारणारं एकेक माणूस गेलं. आता ते नाव मला एकटीलाच ठाऊक." ते कोणतं, असं मी विचारलं नाही. म्हणून इथेही त्या दोघींची नावं नाहीत.

मी नेपरव्हिलला आले ती २००१ च्या अखेरीस, नवऱ्याच्या मागून, एच-फोर व्हिसावर. म्हणजे राहायची परवानगी, नोकरीची नाही. नवरा सकाळच्या गाडीने शिकागोला ऑफिसात जायचा आणि मी खिडकीशी बसून बर्फ बघायचे. नागपूरच्या मुलीला बर्फाचं कौतुक पुरून पुरून किती पुरणार? शेवटी कंटाळून लायब्ररीत जाऊन बसायला लागले. तिथे काउंटरपाशी एक उंच, सावळ्या बाई उभ्या दिसल्या. पाचवारी साडी, पायात स्पोर्ट शूज, अंगात पुरुषी जाकीट. काउंटरवरच्या मुलीला त्या शुद्ध, जड इंग्रजीत बजावत होत्या, की पुस्तक तुमच्याकडे नसलं तर दुसऱ्या गावाहून मागवा, मी थांबायला तयार आहे, मी तीस वर्षं थांबलेच आहे. मग वळून माझ्या टिकलीकडे बघत म्हणाल्या, "मराठी ना गं तू? चल, मला घरी सोड. मुलगा यायला वेळ आहे."

मुलगा म्हणजे शिरीष. काकू कराडच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. नवरा लवकर गेला, शिरीषला त्यांनी एकटीने वाढवलं, आणि निवृत्त झाल्यावर त्याने त्यांना इथे आणलं. घरात सून मधुरा आणि नात रेवा. शिरीष आईला फार जपायचा. ते दिवस तसे वाईट होते, तो सप्टेंबर नुकताच होऊन गेला होता आणि आमच्यासारखी सावळी माणसं विमानतळावर आवाज खाली करून बोलत होती. "आई, सुलतान, इस्तंबूल असली पुस्तकं सध्या तुझ्या कार्डावर नको आणूस," तो म्हणाला. काकूंनी मला विचारलं, "तुझं कार्ड आहे का गं?" त्या दिवसापासून ती पुस्तकं माझ्या कार्डावर यायला लागली, आणि माझ्या नवऱ्याची झोप उडाली.

हे वेड लागलं कसं, असं कुणी विचारलं की काकूंचा पारा चढायचा. कॉलेजात त्या जे पुस्तक शिकवत, त्यात म्हणे एक ओळ होती: सुलतानांच्या माता राज्यकारभारात हस्तक्षेप करू लागल्या आणि साम्राज्य रसातळाला गेलं. "हस्तक्षेप म्हणे! एक मुलगा पोरसवदा, दुसरा डोक्याने अधू, नातू दुधाच्या दातांचा. मग राज्य चालवायचं कुणी, शेजारणीने? लढाया हरले सेनापती, पैसा खाल्ला वजिरांनी, आणि पुस्तकात नाव कुणाचं, तर आईचं. पुरुषांना लपायला आईच्या पदराइतकी सोयीची जागा नाही बघ." ही ओळ खोडून काढायला काकू मराठीत आख्खं पुस्तक लिहीत होत्या.

लिहीत होत्या म्हणजे सांगत होत्या. लिहायला बसलं की त्यांचा हात थरथरायचा. गंमत अशी, की बाकी कशाला थरथरायचा नाही. म्हणून मोड आलेल्या वालांची परात पुढ्यात घेऊन त्या डाळिंब्या सोलायला बसत आणि सोलता सोलता सांगत. मी समोर नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन, एका फुकट उतरवलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करत असे. साल सुटली की वाक्य सुटायचं. चुकलं तर काकू सालाच्या ढिगाकडे बघत म्हणायच्या, "खोड ते. जरा जास्त झालं." हातांना काही काम नसलं तर त्यांना एक वाक्य सुचत नसे. त्या वर्षांत नेपरव्हिलमध्ये आमच्याइतकं डाळिंब्यांचं बिरडं कुणी खाल्लं नसेल. मला मात्र त्या परातीने वाचवलं. दिवसभर कुणाच्याच उपयोगाची नसलेली मी, दुपारी दोन तास तरी कुणाला हवी असायची.

काकू बाईचा नुसता अभ्यास करत नव्हत्या, घरात थोडं तसं वागतही होत्या. मिसळणाचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला, म्हणजे त्यांच्या हाताला. फोडणी त्यांची. मधुरा चांगली कमावती, शहाणी मुलगी, स्वैपाकही उत्तम करायची, पण "आई, मीठ किती घालू?" असं विचारल्याशिवाय तिचा हात बरणीत जात नसे. शिरीष तर ऑफिसातून फोन करून विचारायचा, की बॉसला हो म्हणू की नाही म्हणू. काकूंना हे कळत नव्हतं असं नाही. एकदा डाळिंबी सोलता सोलता स्वतःशीच हसल्या आणि म्हणाल्या, "मी हिच्यावर लिहितेय की हिच्याकडे शिकवणीला जातेय, देव जाणे." हे मात्र त्यांनी मला टाइप करू दिलं नाही.

एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना शिरीषने पानावरच विषय काढला. "आई, चँडलरहून ऑफर आलीये. ॲरिझोनात, कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत. पैसे बरे आहेत. काय करू?" मधुरा पोळी वाढत होती, तिचा हात थांबला. तिची सख्खी बहीण चँडलरला होती. "तिथला उन्हाळा म्हणे नुसता तवा," काकू म्हणाल्या. "रेवाची शाळा इथे लागलीय. नको." "ओके, कॅन्सल करतो मग," शिरीष म्हणाला आणि आमटी ओरपायला लागला. मधुरा पाणी आणायला म्हणून आत गेली. पाण्याचा जग टेबलावरच होता. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

काकूंची सत्ता आनंदाने मानणारी एकच व्यक्ती त्या घरात होती, ती म्हणजे रेवा. सुलतान गादीवर बसला की त्याची आई जुन्या महालातून नव्या महालात मिरवणुकीने यायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे, वरून नाणी उधळलेली, आणि सुलतान स्वतः पुढे येऊन आईचा हात ओठांना लावून कपाळाला टेकवायचा. आजीने हे एकदा सांगितलं आणि नातीने उचललं. शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबली की काकू दारात येऊन उभ्या राहत. रेवा पाठीवरचं दप्तर सावरत ड्राइव्ह-वेवरून अगदी सावकाश, सुलतानासारखी चालत यायची, आजीचा हात ओठांना लावायची, कपाळाला टेकवायची आणि मग ओरडायची, "आजी, आय ॲम सो हंग्री!" बर्फ असो की ऊन, यात एक दिवस खंड नसे. काकू गंभीरपणे म्हणायच्या, "सुलतानांना शंकरपाळे चालतील ना?"

पुस्तक पुढे सरकत होतं, पण बाईच्या शेवटापाशी येऊन अडलं. तो शेवट काकूंनी मला सांगितला होता, टाइप मात्र करू देत नव्हत्या. एका सुलतानाचं राज्य संपलं, की त्याच्या आईने नव्या महालातून निघून शहरातल्या जुन्या महालात जायचं, असा तिथला रिवाज. नव्या सुलतानाची आई ती नवी वालिदे. बाई नवऱ्याच्या मागे एकदा त्या जुन्या महालात गेली होती, आणि मुलगा गादीवर बसल्यावर मिरवणुकीने परत आली होती. पण दुसऱ्या मुलाचं राज्य संपलं आणि लहानगा नातू गादीवर बसला, तेव्हा ती निघाली नाही. सून अजाण आहे, हिला कारभार कसा झेपणार, म्हणून थांबली. थोरली वालिदे म्हणून राहिली. शेवटी सासू-सुनेत इतकं विकोपाला गेलं, की सुनेच्या बाजूची माणसं तिच्या दालनात शिरली. पडद्याच्या दोरीने गळा आवळला, असं म्हणतात. "हे प्रकरण कधी घ्यायचं?" असं मी विचारलं की काकू म्हणायच्या, "घेऊ गं. वाल अजून भिजायचेत."

२००५ च्या जानेवारीत, एका शनिवारी सकाळी, शिरीष ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसायला बाहेर गेला आणि तिथेच कोसळला. चाळिशीचा माणूस. ॲम्ब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही. मी पोचले तेव्हा फावडं बर्फात तसंच उभं होतं, अर्धा ड्राइव्ह-वे साफ आणि अर्धा पांढरा. आत काकू खुर्चीवर बसल्या होत्या आणि मधुरा त्यांच्या पायांशी जमिनीवर. दोघींपैकी कुणीच रडत नव्हतं. मला पाहून काकू एवढंच म्हणाल्या, "चँडलरला बर्फ पडत नाही ना गं?" मधुराने हे ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

दिवसवार झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. परात पुढ्यात होती. "घे, शेवटचं प्रकरण घे," म्हणाल्या. आणि एका बैठकीत, एकदाही "खोड" न म्हणता, त्यांनी बाईचा शेवट सांगितला. आवाज कोरडा, जसा वर्गात निघत असेल तसा. शेवटचं वाक्य होतं: 'तिला सगळं आलं, फक्त निघता आलं नाही.' ते टाइप करताना मला अक्षरं दिसेनात. काकूंनी हात झटकले, परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "या डाळिंब्या मधुराला दे. बिरडं तिने करावं. मी आजपासून स्वैपाकघरात नाही."

दुसऱ्या दिवशी त्या माडीवरची आपली खोली सोडून खाली बेसमेंटमध्ये राहायला गेल्या. मिसळणाचा डबा उचलून शेगडीच्या डाव्या हाताला, मधुराच्या बाजूला ठेवला. बस यायच्या वेळी दारात यायच्या थांबल्या. रेवा धावत खाली गेली, तेव्हा तिला समोर बसवून म्हणाल्या, "आता सुलतान तू. तुझी वालिदे म्हणजे तुझी आई. दारात तिने उभं राहायचं. मी आधीच्या सुलतानाची आई." रेवाने विचारलं, "देन व्हेअर डू यू गो?" काकू म्हणाल्या, "जुन्या महालात." रेवाने थोडा विचार केला. "बट शी केम बॅक फ्रॉम देअर. यू टोल्ड मी." काकूंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांचा गुंता सोडवत बसल्या.

मधुराला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुस्तक तिने कधी ऐकलंच नव्हतं; दुपारी ती ऑफिसात असायची. तिला एवढंच दिसलं, की नवरा गेला आणि सासू आपल्यापासून लांब झाली. "आई, भाजी कोरडी करू की रस्सा?" असं विचारलं, तर खालून उत्तर यायचं, "तुझ्या मनाला येईल ते कर." आता सासूच्या तोंडचं हे वाक्य मराठी घरात एकाच अर्थाने ऐकलं जातं. काकू खरोखरच मुभा देत होत्या, आणि मधुराला रोज जेवणाच्या वेळी चपराक बसत होती. त्यातच काकूंनी कराडचं तिकीट काढायला सांगितलं. शिरीषच्या अस्थी कृष्णा-कोयनेच्या संगमात सोडायच्या होत्या. परतीचं तिकीट नको, म्हणाल्या.

मधुरा माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. "त्यांना वाटतं, माझ्यामुळे झालं हे. माझा पायगुण. सरळ बोलत का नाहीत? माझं तोंडही बघायचं नाहीये त्यांना." मी तिला बाईची गोष्ट सांगितली. जुना महाल, नवा महाल, न निघालेली सासू, पडद्याची दोरी, सगळं. आणि ते चँडलरला बर्फ पडत नाही, तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग डोळे पुसून उठली. म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

बेसमेंटच्या त्या उंचावरच्या चिमुकल्या खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. काकू पलंगावर बसून साड्यांच्या घड्या घालत होत्या. मधुरा समोर उभी राहिली. "आई, हा महाल नाहीये," ती म्हणाली. "तीन बेडरूमचं घर आहे. हप्ते चालू आहेत. आणि मला ते एकटीला झेपत नाहीये."

काकू घडीकडे बघत म्हणाल्या, "मी राहिले तर सवय सुटणार नाही माझी. मी तुला मीठसुद्धा मनाने घालू दिलं नाही. आणि माझ्या एका 'नको'ने..."

"चँडलरचं म्हणताय?" मधुरा खाली बसली. "आई, त्याला स्वतःलाच जायचं नव्हतं. त्याला इथला ग्रूप सोडायचा नव्हता, आणि मला तसं तोंडावर सांगायचं धाडस त्याच्यात नव्हतं. तुम्ही 'नको'च म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने तुम्हाला विचारलं. माझ्यासमोर विचारलं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी रागावले होते ती त्याच्यावर."

पुरुषांना लपायला आईच्या पदराइतकी सोयीची जागा नाही, हे मी ज्यांच्या तोंडून किती वेळा ऐकून टाइप केलं होतं, त्यांना ते स्वतःच्या पदराबद्दल कधी सुचलं नव्हतं. काकूंनी हातातली साडी तशीच मांडीवर टाकली. मुलगा गेल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, "लबाड कुठला." मग मधुराला म्हणाल्या, "हे आधी नाही का सांगायचंस?" मधुरा म्हणाली, "तुम्ही खाली राहायला गेलात. मी कुणाला सांगणार?"

तरी काकू गेल्या. अस्थी न्यायच्याच होत्या, आणि आपण निघू शकतो हे एकदा स्वतःला दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडलं नसतं, असं मला वाटतं. ग्रीन कार्डावर दोन वर्षं बाहेर राहायची परवानगी मधुराने गुपचूप काढून ठेवली होती. विमानतळावर तिने तो कागद त्यांच्या पर्समध्ये घातला. रेवाने सगळ्यांदेखत आजीचा हात ओठांना लावून कपाळाला टेकवला. काकू म्हणाल्या, "अहो सुलतान, हे आता आईला करायचं." रेवा म्हणाली, "आय कॅन डू बोथ."

कराडला भाचीकडे राहिल्या. दर रविवारी मधुराचा फोन जायचा, आणि नवल म्हणजे, समुद्रापलीकडे गेल्यावर त्या दोघी बोलायला लागल्या. मधुरा बिरडं कसं झालं ते सांगायची आणि काकू मिठाबद्दल एक अक्षर काढायच्या नाहीत. "या परत" म्हटलं की मात्र टाळायच्या. मग आंघोळीच्या घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्यात बरेच महिने गेले. परवानगीची मुदत संपत आली, तशी मधुराने एकदा फोनवर आवाज चढवला. "आई, तुमच्या त्या बाईला जाऊन आणणारी सून मिळाली नाही, ही तिची चूक नव्हे. तुम्हाला मिळालीये." मग काकू म्हणाल्या, "मिरवणूक काढणार असाल तर येईन. उगीच टॅक्सीने नाही येणार."

त्याच आठवड्यात त्यांनी मलाही फोन केला. आवाज बारीक झाला होता, पण तोरा तोच. "शेवटचं प्रकरण खोडायचंय. म्हणजे बाईचं झालं ते झालं, ते बदलायचं नाही. पण शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. आले की सांगते. वाल भिजत घालून ठेव." मी म्हटलं, काकू, फोनवर सांगा की. म्हणाल्या, "रिकाम्या हाताने मला सुचत नाही, माहितीये ना तुला?"

शाळा सुटल्या की मे अखेरीस मधुरा आणि रेवा त्यांना आणायला जाणार, असं ठरलं. जायची दोन तिकिटं, यायची तीन. रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने मिरवणुकीचं काम अंगावर घेतलं. ओ'हेअर विमानतळावर कुणी कुठे उभं राहायचं, हे तिने मला, माझ्या नवऱ्याला, शेजारच्या कुटुंबाला नेमून दिलं. उधळायला नाणी हवीत म्हणून सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी जमवायला लागली. वाढदिवसांच्या पिशव्यांतली, दुकानातली, मैत्रिणींकडून मागून घेतलेली, सगळी एका मोठ्या झिपलॉक पिशवीत फ्रिजवर ठेवलेली असायची. नऊ वर्षांच्या मुलीने त्यातलं एकही खाल्लं नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी भाचीचा फोन आला. काकू दुपारच्या झोपेतच गेल्या. मधुराने मला बोलावलं, रेवा शाळेत गेलेली होती. दिवसभर आम्ही दोघी स्वैपाकघरात बसून होतो. शेगडीच्या डाव्या हाताला मिसळणाचा डबा होता. काकूंनी माझ्या रिकाम्या दुपारींना अर्थ दिला, आणि मी त्यांना शेवटचं एक वाक्य खोडून देऊ शकले नाही. ते वाक्य माझ्याकडे अजून तसंच आहे. दुसरं लिहायचा मला अधिकार नाही, आणि ते काकूंपुरतं तरी खोटं ठरलं हे ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच आहोत.

बसची वेळ झाली तशी मधुरा उठून दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. बस कोपऱ्यावर थांबली. रेवा ड्राइव्ह-वेवरून सावकाश चालत आली, आईचा हात ओठांना लावून कपाळाला टेकवला, आणि मग तिने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"रेवा, आजी गेली," मधुरा म्हणाली.

रेवा हात न सोडता उभी राहिली. "बट शी वॉज कमिंग बॅक," ती म्हणाली. "विथ द प्रोसेशन. आपण रोडवर उभं राहणार होतो ना?"

"उभ्याच होतो गं आपण," मधुरा म्हणाली, आणि पायरीवर बसून तिने तिला कुशीत घेतलं. मी आत जाऊन वाल भिजत घातले.